वाचनालयाचा कारभार मोबाईलवर आणायचाय, पण जुने सभासद तुटू नयेत. काय करावं?

पारोळ्याचा_वाचक:
राम राम मंडळी. आमचं पारोळा तालुक्यात गावचं वाचनालय आहे, सरकारी वर्गवारीत ड वर्गातलं, सभासद शंभर-सव्वाशे. यंदा मला सचिव केलंय. वर्गणी आत्तापर्यंत आमचे ग्रंथपाल नाना सायकलवर घरोघर फिरून पावत्या फाडून आणायचे, आता त्यांचे गुडघे चालत नाहीत. पोरं म्हणतात क्यूआर लावा, सूचना व्हॉट्सॲपला टाका, रजिस्टरं बंद करा. पण रोज दुपारी पेपर वाचायला येतात ते दहा-बारा म्हातारेच. परवा एका आप्पांना म्हटलं सभेची सूचना ग्रुपवर टाकली होती, तर त्यांनी बंडीच्या खिशातून बटणांचा मोबाईल काढून माझ्यापुढं धरला, "भाऊ, माले ते काई समजस नही, माले कागदच दे." फार लागलं मनाला. त्यात २०२४ च्या अमळनेरच्या साहित्य संमेलनातून आणलेली पुस्तकंही अजून दाखल रजिस्टरला (आलेल्या पुस्तकांच्या नोंदवहीला) चढायचीत. सुरुवात कुठून करू?

धुळेकर_हिशेबनीस:
क्यूआर लावा, पण संस्थेच्याच खात्याचा. आमच्या मंडळात घाईघाईत खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवर वर्गणी घेतली, माणूस एकदम सरळ, पण ऑडिटच्या वेळी त्याच्या पासबुकात दुधाचे पैसे, पोराची फी आणि आमची वर्गणी सगळं एकत्र, तीन रविवार बसून एकेक नोंद वेगळी केली आणि त्या बिचाऱ्याला उगाच मान खाली घालावी लागली. तुमच्याकडे ८०जी (देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता) असेल तर देणगीदाराचा पॅन पावती फाडतानाच लिहून घ्या. २०२१-२२ पासून देणग्यांचा तपशील आयकर खात्याला फॉर्म १०बीडीमध्ये ऑनलाईन द्यावा लागतो, आर्थिक वर्ष संपलं की ३१ मेपर्यंत. नंतर पॅन मागत फिरलं तर कोणी फोन उचलत नाही. आणि २००० च्या वरच्या रोख देणगीला ८०जीची सूट मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा.

चोपड्याची_ताई:
दादा, सगळ्यात आधी ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो ते बघा!! आमच्या महिला मंडळाच्या आधीच्या अध्यक्षा वारल्या, सगळ्या पोर्टलला नंबर त्यांचाच, आणि ओटीपीसाठी मी दोन महिने त्यांच्या सुनेकडे जात होते, घरात दुःख आणि मी दारात उभी, आजही आठवलं की जीव कसनुसा होतो. संस्थेचं वेगळं सिम आणि ईमेल घ्या, कपाटाच्या चाव्या सही घेऊन देतो तसंच पासवर्डची वही नव्या सचिवाच्या हातात द्या. तुम्ही नवीन सचिव झालात ना, मग धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात पदाधिकारी बदलल्याचा बदल अर्ज ९० दिवसांत टाका, तो राहिला की पुढं बँकेतही सह्या अडतात.

शहादा_ग्रंथमित्र:
सूचना कशी द्यायची ते संस्थेच्या घटनेत बघा. लेखी लिहिलेलं असेल तर ग्रुपवरचा मेसेज पुरत नाही, उद्या कोणी हरकत घेतली तर ठराव अडचणीत येतो. पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये करा पण टायपिंग युनिकोडमध्येच, आमच्याकडे जुन्या फॉन्टमध्ये केलेली यादी नव्या कॉम्प्युटरवर उघडली तर सगळी चिन्हंच चिन्हं, परत पहिल्यापासून टाईप केली. पुढं वाचनालयांसाठी कोहा नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एक्सेलमधून नेता येतं. दाखल रजिस्टर मात्र बंद करू नका, तपासणीला तेच मागतात.

पारोळ्याचा_वाचक:
ताई, तुमचं वाचून लगेच तपासलं, आमचा नंबर पण मागच्या सचिवांचाच निघाला. उद्याच सिम घेतो. कागदी सूचना लागणाऱ्यांची यादी नानांसोबत बसून केली, एकोणीस जण निघाले. त्यांच्या घरी मीच जाईन, वर्गणी पण तिथंच घेईन, पावती फाडून.