गाडीचे पार्ट कसे पारखता? अनुभव लिहा

आज गॅरेजवाल्याने विचारलं, "ओरिजिनल टाकू की लोकल?" आणि बाबा आठवले. आमच्या मारुती ८०० चा जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून ते नाना पेठेत न्यायचे. काउंटरवर नवा शेजारी ठेवून भोकं, आटे, जाडी सगळं जुळवायचे, मगच पैसे. तुम्ही कसं ठरवता?

चाकधर: मी आधी चॅसिस नंबर पाठवतो. नुसतं "स्विफ्टचा द्या" म्हणून भागत नाही, साल आणि मॉडेलप्रमाणे पार्ट बदलतो. ८०० कोणत्या रंगाची होती?

धागाकर्ता: लाल!! 😊

सातारची सून: ब्रेक पॅडमध्ये काटकसर नाही म्हणजे नाही. एका दुकानाने स्वस्तातले गळ्यात मारले, खंबाटकी उतरताना जळका वास आणि पेडल पार खाली. मुलं मागे बसलेली. वायपर, मॅट लोकल घ्या खुशाल. ब्रेक, स्टिअरिंग नको. कुकर झालाय, येते.

चाकधर: बाप रे. सगळे सुखरूप ना?

पुंटोप्रेमी: एक सांगतो, फिल्टर, क्लच, बेअरिंग गाडीची कंपनी बहुतेक वेळा स्वतः बनवतच नाही. बनवणाऱ्याच्याच डब्यातला माल घेतला तर बरेचदा स्वस्त पडतो. माझी फियाट पुंटो आता कंपनी बनवत नाही, पण तिचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टातही होतं, म्हणून इंजिनाचं काम अडत नाही. तरी पार्ट नंबर जुळवूनच घ्या. हेडलाइटसाठी मात्र वणवण.

पंचगंगा: बीट गाडीवाले कुणी आहेत का? २०१७ मध्ये शेवरलेने इथली विक्री थांबवली, आता डिकीचं लॉक मिळेना 😞

चाकधर: कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा. तिथे काच, दरवाजा, लॉक जुनं घेतलं तर चालतं. ब्रेकचं जुनं काही उचलू नका.

लोकल ८:१२: टायर राहिला. बाजूवर डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. "नवा" टायर गोदामात किती पडून होता ते तिथेच कळतं. स्टेशन आलं.

सातारची सून: सुखरूप हो. आता बिलावर पार्ट नंबर लिहून घेते, जुने पॅडही मागून घेते, बदलले की नाही ते दिसतं.

पंचगंगा: धन्यवाद चाकधर. कुरियर करतील का?

चाकधर: फोटो पाठवा, विचारतो.