सल्ला हवा: तीन संस्था, एक अनुदान. पैसे कोणाच्या खात्यात घ्यावेत?

सातपुडापायथा (तळोदा):
नमस्कार मंडळी. आमचा छोटा ट्रस्ट आहे. धडगावचा बचतगटांचा महासंघ आणि शहाद्याची शेतकरी उत्पादक कंपनी यांना सोबत घेऊन आमचूरचं काम करायचं ठरतंय. बाया आंबे सोलतात, फोडी छपरावर नाहीतर खडकावर वाळत घालतात. वळवाची एक सर आली की पांढरी फोड काळी पडते आणि व्यापारी म्हणेल तो भाव. म्हणून सोलर ड्रायर, साठवणुकीची खोली आणि पॅकिंग. पुण्याची एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांनी समाजकामावर खर्चायचा निधी) २८ लाखांपर्यंत द्यायला तयार आहे, पण अर्ज एकाच संस्थेने करा म्हणते. कोणी करावा? शिवाय शहाद्यातली एक मोठी संस्था म्हणते, आमच्याकडे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) आहे, परदेशी देणगीही आणून तुम्हाला वाटून देऊ. घ्यावी का?

हिशेबवही (जळगाव):
ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नको. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, समोरच्याकडे एफसीआरए असलं तरी. वाटून देऊ म्हणणाऱ्याला एकतर कायदा माहीत नाही, नाहीतर तुम्हाला अडकवायचंय.

अर्ज ट्रस्टनेच करा. उत्पादक कंपनी नफ्यासाठीची, तिला सीएसआरची अंमलबजावणी संस्था होता येत नाही. तुमचं १२ए (संस्थेची करमाफी), ८०जी (देणगीदाराची करसवलत) आणि सीएसआर-१ (सीएसआरचं काम घेण्यासाठीची नोंदणी) चा क्रमांक तपासा. १२ए-८०जी ला आता ठरावीक मुदत असते. कितीतरी जणांना ती संपल्याचं अर्ज भरतानाच कळतं.

ड्रायर मात्र ट्रस्टच्या नावावर ठेवू नका. सीएसआरच्या पैशातली मालमत्ता लाभार्थी गटांच्या नावावर करता येते, २०२१ पासून नियमच तसा आहे. बजेटमध्येच लिहा: ड्रायर महासंघाचा, देखभाल महासंघाची. नाहीतर तीन वर्षांनी मोटर जळाली की सगळे एकमेकांकडे बघतील.

आणि कोटेशनवर जीएसटी व घाटातून चढवायचं भाडं धरलंय का? तोरणमाळच्या बाजूला ट्रक चढवणारा शहाद्याचा दर सांगत नाही.

पूर्वखान्देश (अमळनेर):
हिशेबवही बरोबर बोलतायत, पण कागद पुरत नाहीत. आम्ही तीन संस्थांनी मिळून पाणलोटाचं काम केलं. पैसा आमच्या खात्यात, खर्च तिघांचा. एका जोडीदाराने मजुरीचं मस्टर दिलं ते पाच महिन्यांनी. ऑडिटरने पान उलटं करून उजेडात धरलं: सगळ्या तारखा एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाच बैठकीत भरलेल्या. काम खरं झालं होतं हो, बंधारे आजही उभे आहेत. पण कागद खोटा वाटला आणि दुसरा हप्ता अडला. दोन कार्यकर्त्यांचे पगार मी पतसंस्थेतून कर्ज काढून दिले. त्या जोडीदाराशी आता फक्त लग्नातच बोलणं होतं.

म्हणून करारात एक ओळ घाला: महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मागच्या महिन्याची बिलं आली नाहीत, तर त्या जोडीदाराचं पुढचं वाटप थांबेल. लिहिताना वाईट वाटतं. अडल्यावर त्याहून वाईट वाटतं.

बापू शिरपूरकर:
भाऊ, पैसा येवाना आधी भांडं ठरी घ्या. दूध कोन काढी, कोन तापाडी, कोन पिई, हाई आधी बोलीसन मोकळं व्हा.

रावेरकर (केळीवाला):
बापू 😀 पण खरंय. माझं वेगळं मत. सगळं ओझं सीएसआरवर कशाला? गटातल्या बाईमागे ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल देणारी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे, ती उमेदमार्फत (बचतगटांचं राज्य सरकारी अभियान) येते. सध्या अर्ज घेतायत का ते तालुका कक्षात विचारा. खेळतं भांडवल तिथून, यंत्र सीएसआरमधून. एकच बिल दोन्हीकडे लावू नका, एवढंच.

हिशेबवही:
सहमत. सरकारी पैसा आला तर त्याचं खातं वेगळं ठेवा. त्यावरचं व्याज संस्थेचं नसतं, ते परत करावं लागतं, आणि उपयोगिता प्रमाणपत्र सरकारी वित्तीय नियमांच्या १२-ए नमुन्यात (आयकराचं १२ए वेगळं). वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत द्यायचं असतं, पण एवढी वाट पाहू नका.

एक राहिलं. पुण्याची कंपनी सांगेल, तुमच्या पगारांना ५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाची आहे. गावात फिरणाऱ्या तुमच्या कार्यकर्त्याचा पगार हा थेट प्रकल्पखर्च. नम्रपणे, पण लेखी सांगा.

सातपुडापायथा:
सगळ्यांचे आभार. एक अडचण सांगायची राहिली. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आंबा एप्रिल-मे मध्ये येतो. पैसा उशिरा आला तर हंगाम जाईल, घाईत आला तर मार्चमध्ये ड्रायर विकत घेऊन बसावं लागेल.

हिशेबवही:
त्यांच्या संचालक मंडळाला हा 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करायला सांगा. मग न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात जाते आणि पुढची तीन वर्षं वापरता येते. अर्जात हंगामाचा तक्ता जोडा. पुण्यातल्या माणसाला कैरी कधी पडते हे माहीत असेलच असं नाही.

पूर्वखान्देश:
आणि जमलं तर बारीपाड्याला एक चक्कर मारा, साक्री तालुक्यात. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली म्हणून नाही. जंगल राखायचे नियम गावाने स्वतः कसे ठरवले ते ऐकायला. महासंघाच्या चार बायांना घेऊन जा, तुम्ही एकट्या नको.

सातपुडापायथा:
कंपनीच्या ताईंशी आज फोन झाला. चालू प्रकल्पाचं मांडून बघते म्हणाल्या. ५ तारखेच्या अटीवर उत्पादक कंपनीवाल्यांचं तोंड वाकडं झालं, मग १० वर जमलं. महासंघाच्या अध्यक्षबाई म्हणतात, करारनामा आधी पावरी बोलीत वाचून दाखवा, मग सही. उद्या सकाळच्या एसटीने धडगावला निघतेय.