पराक्रम पदक आणि पेटीतले कागद

आपल्या काकांना १९७१ च्या युद्धात स्प्लिंटर (स्फोटात उडालेला तुकडा) लागूनही पराक्रम पदक मिळाले नाही, असे आपण लिहिले आहे. हे पदक शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत झालेल्या जखमेसाठी असते. त्यामुळे नडगीवरचा व्रण कितीही बोलका असला, तरी नोंदीत ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (म्हणजे लढाईत जखमी) हे शब्द आहेत का, यावरच बहुधा सारे अडते. आमच्या वडिलांचे डिस्चार्ज बुक (लष्करातून निवृत्त होताना मिळालेली सेवेची नोंदवही) सोलापुरी चादरीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले होते आणि नेमकी जखमेच्या नोंदीवरचीच शाई ओलीने फुटली होती (पेटी गळक्या माळ्यावर टाकण्याची हुशारी माझीच). सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून काकांच्या रेकॉर्ड ऑफिसकडे (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे लष्करी कार्यालय) अर्ज करावा आणि लष्करी इस्पितळातील नोंदींची प्रत आधी मागवावी. नकार आलाच, तर दाद मागायला सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे.