मुरुमांची ‘ती’ गोळी: चिठ्ठी कोणाची चालावी?

खाडीपलीकडचा
माझं मत आधीच सांगून टाकतो. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन ही गोळी त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवाचून कोणी देऊ नये, पेशंट रत्नागिरीचा असो की तळकोकणातल्या वाडीवरचा. कॉलेजची पोरं ‘ती वीस मिलिग्रॅमची द्या’ म्हणत काउंटरवर येतात आणि मिळतेही. औषध वाईट नाही. गाठी होऊन खड्डे पाडणाऱ्या मुरुमांवर याच्याइतकं खात्रीचं दुसरं नाही आणि १९८२ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली तीही अशाच हट्टी मुरुमांसाठी. पण ही गोळी गरोदरपणी घेतली गेली तर बाळाच्या कानात, चेहऱ्यात, मेंदूत, हृदयात व्यंग येऊ शकतं. लिव्हर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासावी लागतात ते वेगळंच. काउंटरवर हे कोण समजावणार?

देवगडकर
बोलायला सोपं आहे. आमच्याकडचे बरेच जण स्किनच्या डॉक्टरसाठी कोल्हापूर गाठतात. घाट चढा, दिवसाची मजुरी बुडवा, फी भरा. तोवर पोराच्या गालावर खड्डे पडलेले असतात आणि पडलेले खड्डे गोळीने भरत नाहीत. आमचे फॅमिली डॉक्टर साखर, बीपी, टीबी सगळं सांभाळतात. त्यांना लिव्हरचा रिपोर्ट वाचता येत नाही का?
आणि कडक नियमाचं कौतुक नको. अमेरिकेत २००६ पासून या गोळीसाठी आयप्लेज नावाची सक्तीची नोंदणी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिची वेबसाइट बदलली आणि पेशंटच्या गोळ्या अडकून पडल्या.

काउंटरच्या आतला
मी मेडिकलवाला, त्यामुळे शिव्या माझ्याच वाट्याला येणार. चिठ्ठी मागितली की पोरगं मित्राच्या चिठ्ठीचा मोबाइलमधला फोटो दाखवतं. अरे, डोस वजनावर ठरतो! दिवसाला किलोमागे साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि पूर्ण कोर्सचा हिशोब किलोमागे १२० ते १५०. साठ किलोच्या माणसाला ७२०० ते ९००० मिलिग्रॅम. वीसच्या दहा गोळ्यांची पट्टी म्हणजे २००. त्यातून काय होणार? वर पहिल्या काही आठवड्यांत मुरुम उसळतात, ओठ फुटतात, मग ‘भिकार औषध’ म्हणून उरलेली पट्टी बहिणीला. खरी भीती मला त्या उरलेल्या पट्टीची वाटते.
उपाशीपोटी घेणारेही भेटतात. जेवणात स्निग्ध काही नसेल तर औषध नीट अंगी लागत नाही. नारळाच्या वाटपाची आमटी-भात खाऊन घ्या. सोमवारी उपास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीतलं तूप-शेंगदाणे आहेतच.

मालवणची मामी
माका विचारशात तर लग्नाआधी चेडवाक ही गोळी नकोच. तोंडावरचे पिंपल आपसूक जातत. उद्या पोर झाला नाय तर दोष कोणाक देतलास?

समुद्रवारा
मामी, तुमच्याशी भांडायचं नाही, पण हे खरं नाही. मी कोर्स पूर्ण केलाय. ही गोळी शरीरात साठून राहत नाही. शेवटच्या गोळीनंतर महिनाभर गर्भधारणा टाळायची असते, पुढच्या बाळंतपणाला तिची बाधा नाही. घोळ बहुधा अ‍ॅसिट्रेटिनशी होतो. ते सोरायसिसचं औषध, त्यानंतर मात्र तीन वर्षं थांबायला सांगतात.
अडचण वेगळीच आहे. सुरू करण्याआधी गरोदरपणाची तपासणी करायची, नंतर दर महिन्याला करायची आणि कोर्सभर दिवस जाणार नाहीत याची पक्की सोय हवी. हे प्रश्न डॉक्टरने विचारायचे, आणि शेजारी आई बसलेली! माझ्या डॉक्टरीणबाईंनी आईला बाहेर बसवलं, मग विचारलं. गावातल्या डॉक्टरांचं क्लिनिक म्हणजे पडद्याआड खाट आणि पडद्यापलीकडे अर्धी वाडी. तिथे कुठली मुलगी खरं बोलेल? म्हणून देवगडकर, मुलींच्या बाबतीत मला लांबचा डॉक्टर बरा वाटतो.
मुलग्यांनो, तुम्हीही कोर्स संपून महिना होईपर्यंत रक्तदान करू नका. ते रक्त कोणा गरोदर बाईला चढेल, सांगता येत नाही.

देवगडकर
पडद्याचा मुद्दा मान्य. पण तो पडदा बदलायला सांगतो, डॉक्टर नाही.

उपकेंद्रातली
कोणीच लेप्टोचं बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस हा ताप होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लीन ही अँटिबायोटिक गोळी देतात. मुरुमांची ही गोळी चालू असताना डॉक्सीसायक्लीन चालत नाही. दोन्ही एकत्र आल्या तर मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो: डोकं ठणकतं, उलट्या होतात, अंधुक दिसतं. कोल्हापूरच्या तज्ज्ञाला पेशंट जुलैत शेतात उतरणार हे कुठून कळणार? आणि डॉक्सीसायक्लीन देणाऱ्या आमच्या ताईला पेशंट कोल्हापूरहून आणून काय खातोय हे कोण सांगणार? पोरं सांगत नाहीत, लाजतात. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या आणि कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्यांचंही तेच. ही गोळी त्याच घराण्यातली, त्यामुळे वर आणखी ‘अ’ नको.

खाडीपलीकडचा
हे माझ्या डोक्यात नव्हतं. तरी पहिली चिठ्ठी तज्ज्ञाचीच, यावरून मी हलत नाही. गाठीचे मुरुम कुठले आणि स्टिरॉइडची क्रीम चोपडून उठलेले कुठले, हे ओळखणं त्यांचं काम. पुढची रक्ततपासणी गावात करा, हरकत नाही. मन उदास राहतंय का, यावर लक्षही घरच्यांनी आणि गावच्या डॉक्टरांनीच ठेवायचं. उदासी गोळीमुळे येते की मुरुमांमुळे, यावर एकमत नाही, पण म्हणून दुर्लक्ष नको.

देवगडकर
पहिली चिठ्ठी तज्ज्ञाची, चला. पण दर महिन्याला घाट चढायला लावाल तर तिसऱ्या महिन्यात पोरगा परत मित्राचा फोटो घेऊन काउंटरवर येईल.

काउंटरच्या आतला
फोटो आणू दे. वर पेशंटचं नाव, वजन आणि या महिन्याची तारीख नसेल तर मी देणार नाही. गावच्या डॉक्टरांनी तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच पुढचा महिना लिहून सही केली तर देईन. मात्र एका वेळी तीस दिवसांच्याच.

मालवणची मामी
आणि बहिणीक कोणी दिल्यान तर?