मदत हवी आहे : भावाची अमेरिकेतली नोकरी गेली, परतीचं तिकीट कंपनी देते का?

घोडबंदरची_ताई :
धाकट्या भावाला मंगळवारी कंपनीने काढलं. डलासला आहे, सोबत बायको आणि तीन वर्षांची मुलगी. एचआरने एक कागद पाठवलाय, शुक्रवारपर्यंत सही हवी. परतीचं तिकीट कंपनीकडे लागतं की नाही, एवढंच सांगा. आई रात्रभर जागी आहे.

कोपरखैरणेकर :
व्हिसा कोणता? कागदावर काय लिहिलंय?

घोडबंदरची_ताई :
एच१बी, कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा. कागद त्यानेही नीट वाचलेला नाही. मागवते.

जुना_नौपाडा :
मी दोह्यात १४ वर्षं काढली. तिकीट कंपनीच देते. सरळ लेबर ऑफिस गाठायला सांगा.

कोपरखैरणेकर :
काका, तो अमेरिकेत आहे, आखातात नाही.

ऐरोली_सेक्टर८ :
तिकीट सोडा, दिवस मोजा. नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस तिथे राहता येतं. आय-९४ (मुक्कामाची मुदत लिहिलेली प्रवेशाची नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेच. माझ्या भाच्याची नवी पिटिशन (नव्या कंपनीने करायचा व्हिसाचा अर्ज) ५३व्या दिवशी दाखल झाली, घरात कोणी धड जेवत नव्हतं.

कोपरखैरणेकर :
दिवस मोजाच, पण हक्काचं का सोडायचं? एच१बीची मंजूर मुदत संपायच्या आधी काढलं तर मायदेशी परतायचा वाजवी खर्च कंपनीवर असतो. फक्त त्याचा, बायको-मुलीचा नाही. शिवाय काढल्याचं यूएससीआयएसला (तिथलं इमिग्रेशन खातं) कळवायचं असतं. हे केलं नाही तर पगाराची जबाबदारीही कंपनीच्या गळ्यात राहू शकते. स्वतःहून राजीनामा दिला तर मात्र तिकीट विसरा.

संध्या_मानपाडा :
मुलीच्या नर्सरीचं आत्ताच बघा. आपल्या पट्ट्यात उशीर झाला की जागा मिळत नाही.

घोडबंदरची_ताई :
कागद आला. दुसऱ्याच परिच्छेदात 'मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे'. खाली दोन महिन्यांचा पगार देऊ म्हणतात. त्याला वाटलं, नेहमीची फॉर्मॅलिटी.

कोपरखैरणेकर :
सही नको!

ऐरोली_सेक्टर८ :
आणि दोन महिन्यांचा पगार गेला तर? तिकिटापेक्षा ती रक्कम मोठी आहे.

कोपरखैरणेकर :
म्हणूनच आधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला दाखवा. तोवर एकच ईमेल करा : 'तुम्ही मला काढलंत, शेवटच्या तारखेसह तसं पत्र द्या.' पगार अडवला तर लेबर डिपार्टमेंटकडे डब्ल्यूएच-४ फॉर्म भरता येतो, १२ महिन्यांच्या आत.

घोडबंदरची_ताई :
तिथे पहाटेचे साडेतीन, तरी फोन करून उठवलं. सही झालेली नाही. ईमेल लिहायला बसलाय.