मदत हवी आहे: पिकअप दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, करंट कुठं जातोय सापडेना

राम राम मंडळी. औसा तालुक्यातलं गाव आहे आमचं. जुनी डिझेल पिकअप आहे, आठवड्यातून दोन-तीनदा माल घेऊन लातूरच्या मोंढ्यात जाते. रोज चालवली तर तक्रार नाही. एक दिवस उभी राहिली तरी चालू होते. पण दोन दिवस थांबली की तिसऱ्या सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो.

परवा वडिलांना अडीच वाजता रात्री लातूरला न्यायचं होतं आणि गाडी बोलेना. शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून केबल लावून कशीबशी चालू केली. वडील आता बरे आहेत, पण तेव्हापासून गाडीच्या भरवशावर झोप लागत नाही.

आतापर्यंत केलेलं सांगतो. तालुक्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं बॅटरी गेली म्हणून नवी ६५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) बसवली. चार दिवसांत पुन्हा तेच. गाडी चालू असताना टर्मिनलवर १४.१ व्होल्ट मिळतात, म्हणजे चार्जिंग होतंय. संध्याकाळी बंद करून तासाभरानं मोजलं तर १२.६, तिसऱ्या सकाळी १२ च्या खाली.

मग मल्टीमीटर १० अँपिअरवर ठेवून निगेटिव्ह टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये लावला. दारं लावून, चावी काढून अर्धा तास थांबलो. ०.८२ अँपिअर! फ्यूज एकेक काढून पाहिले. गाण्याच्या टेपचा काढल्यावर ०.८० झालं, बाकी कशानंच आकडा हलला नाही. टपातला दिवा, हॉर्न, जीपीएस सगळं पाहिलं. आता काय काढू?

प्रतिसाद:
दादा, आधी हिशेब बघा. ०.८ गुणिले २४, म्हणजे दिवसाला १९ एएच. दोन दिवसांत ३८. ६५ च्या बॅटरीत उरतं ते डिझेल इंजिनला पुरत नाही, तुमची तक्रार बरोबर जुळते. चांगल्या गाडीत उभं असताना साधारण २० ते ५० मिलीअँपिअर जातात, त्याच्या सोळा ते चाळीस पट तुमच्याकडं जातोय.

फ्यूज काढून आकडा हलत नाही, हीच खरी खूण. डायनामोची (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) जाड वायर आतल्या फ्यूज पेटीतून जातच नाही, सरळ बॅटरीकडं जाते. डायनामोच्या आतला एखादा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) लिक असला तर बंद गाडीतही करंट उलटा डायनामोत जातो. चार्जिंग १४ दाखवतंय म्हणून डायनामो चांगला, असं धरू नका. एक डायोड खराब असूनही बाकीचे काम करतात.

उद्या दिवस उगवायच्या आत डायनामोला हात लावा. दुपारी नको, आपल्याकडं मे महिन्यात सगळंच लोखंड तापलेलं असतं. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन गार आणि डायनामो किंचित कोमट लागला, तर तिथंच बघा. नंतर निगेटिव्ह काढून डायनामोची जाड वायर सोडा, टोकाला इन्सुलेशनची चिकटपट्टी गुंडाळा, मीटर पुन्हा लावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

दुसरा प्रतिसाद:
तेच सांगणार होतो. एक भर घालतो. टेपची पिवळी वायर कायम सप्लायची आणि लाल चावीवरची असते. दोन्ही एकत्र जोडलेल्या असतील तर टेप पूर्ण बंद होत नाही. तुमच्याकडं तो आकडा लहान आहे, पण बघून घ्या.

धागाकर्ता:
भाऊ, पहाटे पाच वाजता हात लावला. इंजिनचा ब्लॉक गार, डायनामो कोमट! जाड वायर सोडली आणि मीटर ०.८२ वरून ०.०३ वर आला. वायर जोडली की पुन्हा ०.८०. दोनदा करून पाहिलं. डायनामो काढून लातूरला नेतोय, डायोड प्लेट बदलायला. तोवर रात्री निगेटिव्ह काढून ठेवतो, आणि दहा नंबरचा पाना वडिलांच्या खाटेजवळच ठेवलाय.