टीव्ही रेकॉर्डर घरात आला, पण रेकॉर्डिंग कोणाचे?

शहापूरकर गुरुजी

मी बेळगावात शहापूरला राहतो. माध्यमिक शाळेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला आहे आणि पंचाहत्तरीही ओलांडली आहे. गेल्या दिवाळीत मुलाने रेकॉर्डिंगची सोय असलेला नवा सेट-टॉप बॉक्स घरी बसवून दिला, आणि तेव्हापासून भेटेल तो मला एकच विचारतो, ‘गुरुजी, जमतात का बटणे दाबायला?’ बटणे मला जमतात. गाइड उघडावे, बाणाच्या बटणाने हव्या त्या कार्यक्रमावर यावे, लाल बटण दाबावे आणि नावापुढे लाल ठिपका उमटला की रिमोट खाली ठेवावा. यात न समजण्यासारखे काही नाही. माझी तक्रार यंत्र अवघड असल्याची नसून, आपण रेकॉर्ड केलेले आपले होत नाही अशी आहे, आणि म्हणून वयस्कर माणसांनी अशा रेकॉर्डरवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमचे घर या भागातल्या अनेक घरांसारखे दुभाषी आहे. सून बैलहोंगलची, तिची कन्नड मालिका आणि माझ्या पत्नीची मराठी मालिका संध्याकाळी नेमक्या एकाच वेळी लागतात. एक पाहता यावी आणि दुसरी रेकॉर्ड व्हावी, मुख्यतः एवढ्यासाठीच हा बॉक्स घेतला होता. पहिल्याच संध्याकाळी मराठी मालिकेचे रेकॉर्डिंग सुरू असताना सुनेने कन्नड वाहिनी लावली, तर पडद्यावर सूचना आली की वाहिनी बदलायची असल्यास रेकॉर्डिंग थांबवावे लागेल. खाली होय आणि नाही असे दोनच चौकोन. सासू-सुनेपैकी माघार कोणी घ्यायची हा प्रश्न होता तिथेच राहिला, फक्त आता तो बॉक्स विचारू लागला.

दुसरी गोष्ट मला अधिक लागली. सह्याद्री वाहिनीवर रात्री उशिरा लागलेली शास्त्रीय गायनाची एक मैफल मी पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करून ठेवली होती. वडगावात माझे एक जुने सहकारी राहतात, त्यांना आता जागरण सोसत नाही, म्हणून तो पेन ड्राइव्ह मी त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांच्या नातवाने तो संगणकाला लावला, तेव्हा संगणकाला त्यात वाचण्याजोगे काही सापडेना आणि तो फॉरमॅट करायचा का, असे विचारू लागला. पुढे पॅकची मुदत संपून रिचार्ज करायला थोडा उशीर झाला, तर माझ्याच घरी, माझ्याच बॉक्सवर ते रेकॉर्डिंग उघडेना. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे व्हीसीआर होता. तीन तासांची कॅसेट भरली की पाठीवर शाईने नाव लिहून ती फळीवर ठेवायची. गल्लीतले कोणीही ती मागून नेत असे आणि कोणाच्याही यंत्रात ती चालत असे. चाळीस वर्षांनी यंत्र सुधारले आणि माझा हक्क मात्र आक्रसला, याला प्रगती म्हणायला मी तयार नाही.

नंदगडची अक्का

गुरुजींचा मान राखून सांगते, की त्यांचे म्हणणे मला मुळीच पटलेले नाही. त्यांनी रेकॉर्डरकडे कपाटासारखे पाहिले, म्हणजे वस्तू आत ठेवायची, ती आपली झाली पाहिजे आणि शेजाऱ्यालाही देता आली पाहिजे. आमच्यासारख्या बायकांना कपाट नको होते, वेळ हवा होता. माझी साठी उलटली आहे. संध्याकाळी गाईची धार, स्वयंपाक, त्यानंतर देवळात हरिपाठ, आणि घरी येईपर्यंत मालिका संपून जाहिराती लागलेल्या असत. सगळ्या चांगल्या मालिका नेमक्या बाईच्या कामाच्या वेळेला का लावतात, हे मला आजवर उमगलेले नाही. आता मी त्या दुसऱ्या दिवशी दुपारी, भांडी आवरून झाल्यावर, एकटी बसून पाहते. पाहून झाले की पुसून टाकते. जे पुसायचेच आहे त्याची मालकी घेऊन मी काय करू?

आणखी एक गोष्ट गुरुजींच्या लक्षात आलेली दिसत नाही, किंवा त्यांचे कान अजून ठणठणीत असावेत. मला एका कानाने कमी ऐकू येते. पूर्वी एखादे वाक्य निसटले की मी नातीला विचारायची, ती सांगेपर्यंत पुढची दोन वाक्ये निसटायची, आणि मग दोघीही वैतागायच्या. आता मी मागे नेण्याचे बटण दाबते आणि तेच वाक्य पुन्हा ऐकते, हवे तर तिसऱ्यांदाही ऐकते. गुडघ्यामुळे उठायला वेळ लागतो, दारात कोणी आले तर चित्र थांबवून सावकाश जाता येते. म्हाताऱ्या माणसाला या यंत्राने दिलेली खरी सोय ही आहे, पेन ड्राइव्ह कुठे चालतो आणि कुठे चालत नाही ही नव्हे.

आणि व्हीसीआरचे एवढे कौतुक नको. आमच्या खानापूर तालुक्यातला पाऊस गुरुजींना ठाऊक असेलच. आमच्या घरातल्या कॅसेटी दोन-चार पावसाळ्यांत बुरशीने पांढऱ्या पडल्या, त्यांत माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाचीही होती. ती यंत्रात घातली की फीत वाचणारे हेड घाण होऊन बाकीच्या चांगल्या कॅसेटींवरही मुंग्या दिसू लागत. फळीवर नाव लिहून ठेवलेली वस्तू टिकतेच असे नाही. मला या नव्या बॉक्सबद्दल राग आहे तो एकाच बाबतीत: आमच्या बॉक्समध्ये भाषा निवडायला इंग्रजी आणि हिंदी आहे, मराठी नाही आणि कन्नडही नाही. सीमाभागातल्या माणसाला यातली कोणतीही एक चालली असती.

डिशवाला, निपाणी

डिश बसवण्याचे आणि दुरुस्तीचे माझे दुकान आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचे गिऱ्हाईक माझ्याकडे येते. गुरुजींच्या दोन तक्रारींपैकी पहिलीचे कारण सरळ आहे आणि ते विकणाऱ्याने आधी सांगायला हवे होते. बॉक्समध्ये ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारा भाग, एकच असेल तर तो एका वेळी उपग्रहाच्या एकाच ट्रान्सपाँडरचा (वाहिन्यांचा एक गट मिळून पाठवणाऱ्या उपकरणाचा) प्रवाह पकडतो. रेकॉर्ड होणारी आणि पाहायची अशा दोन्ही वाहिन्या सुदैवाने एकाच ट्रान्सपाँडरवर असतील तर काही बॉक्स दोन्ही कामे करू देतात. पण एक मराठी आणि एक कन्नड वाहिनी अशी जोडी त्यात सापडणे नशिबाचा भाग आहे. दोन ट्यूनरचा बॉक्स असेल तर ही अडचण येत नाही. भारतात आतल्या हार्ड डिस्कचे, दोन ट्यूनरचे रेकॉर्डर 2008 पासून आहेत. नंतर स्वस्त पडावे म्हणून पेन ड्राइव्ह लावायचे बॉक्स आले. ‘रेकॉर्डिंग होते का?’ असे विचारले की दुकानदार दोन्हींना होच म्हणतो.

दुसऱ्या तक्रारीबाबत: पैसे भरून पाहायच्या वाहिन्या सांकेतिक करून पाठवलेल्या असतात, आणि कंपनीचा बॉक्स जे साठवतो तेही त्या बॉक्सपुरते कुलूपबंद साठवतो. सह्याद्री ही सरकारी वाहिनी असली तरी ती कंपनीच्या बॉक्समधून रेकॉर्ड केली की तिलाही तेच कुलूप लागते. गुरुजींना खरोखर मैफली जमवायच्या असतील तर डीडी फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेचा, बाजारात मिळणारा साधा बॉक्स घ्यावा. त्याला मासिक भाडे नाही, सह्याद्री आणि कन्नड चंदना या दोन्ही वाहिन्या त्यावर आहेत, आणि असे बहुतेक बॉक्स पेन ड्राइव्हवर साधी फाइल तयार करतात, जी संगणकावर चालते. मात्र लोकप्रिय खासगी मराठी मालिकांच्या बहुतेक वाहिन्या तिथे मिळत नाहीत, त्यामुळे पत्नीची मालिका त्यावर होईलच असे सांगत नाही.

जागेचा हिशेबही सांगून ठेवतो, कारण लोक लहान पेन ड्राइव्ह लावतात आणि मग भांडायला येतात. साध्या चित्राच्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला 2 मेगाबिट धरला तर तासाला सुमारे 900 मेगाबाइट जागा लागते. एचडीला तासाला साधारण 3 गिगाबाइट धरून चालावे. एचडीसाठी स्वस्त पेन ड्राइव्हचा वेग पुरत नाही आणि चित्र अडखळते, तेव्हा लहान हार्ड डिस्क बरी. पावसाबाबत अक्कांनी मनाची तयारी केलेलीच दिसते: डिशचे प्रक्षेपण केयू बँड या लहरींच्या पट्ट्यावर असते, जोराच्या सरीत ते थोपवले जाते, आणि तेवढा वेळ रेकॉर्डिंगमध्ये काहीच येत नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. वीज जाण्यावर आहे. बॉक्सचा अडॅप्टर 12 व्होल्टचा असेल तर राउटरला लावतात तसला छोटा यूपीएस, अँपिअर तपासून, त्यालाही चालतो.

चिकोडीचा अभियंता

क्षमा असावी, पण हा सगळा वाद कालबाह्य झालेला आहे. मालिका वाहिनीच्या अ‍ॅपवर केव्हाही पाहता येते, मागेपुढे नेता येते, भाषा निवडता येते. आजोबांच्या हातात मोबाइल द्यावा आणि बॉक्स भंगारात घालावा.

नंदगडची अक्का

अभियंता साहेबांनी कधी आमच्या घरी येऊन मालिका सुरू करून दाखवावी. पाऊस लागला की आमच्याकडे मोबाइलची रेंज शोधायला अंगणाच्या कोपऱ्यात जावे लागते, तिथे छत्री धरून मालिका पाहायची का? शिवाय तळहाताएवढ्या पडद्यावर माणसांची तोंडे मला ओळखू येत नाहीत.

टिळकवाडीचे वकील

मालकीचा मुद्दा निघाला आहे म्हणून थोडे लिहितो. अमेरिकेत व्हीसीआरविरुद्ध चित्रपट कंपन्या न्यायालयात गेल्या होत्या. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 17 जानेवारी 1984 रोजी 5 विरुद्ध 4 अशा बहुमताने ठरवले, की लागलेला कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणे बेकायदेशीर नाही. आपल्याकडील 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये, 2012 च्या दुरुस्तीनंतर, खासगी किंवा व्यक्तिगत वापरासाठी केलेल्या न्याय्य वापराला व्यापक सवलत आहे. परंतु त्याच दुरुस्तीने कलम 65अ आणले, ज्यान्वये हक्कभंगाच्या हेतूने संरक्षणाचे कुलूप फोडणे हा गुन्हा ठरतो. म्हणजे अक्का दुपारी मालिका पाहतात त्यात कायद्याला काही वावगे दिसण्याचे कारण नाही, आणि गुरुजींना आपल्यापुरती प्रत ठेवण्याची मुभा मागता येईल. पण ती प्रत कुलपाशिवाय हाती देण्याचे बंधन कंपनीवर या कलमांनी घातलेले नाही. कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीला चालावा अशी शिफारस ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) एप्रिल 2020 मध्ये केली होती. तसे झाले असते तरी कंपनी बदलताना बॉक्स टाकून द्यावा लागला नसता, इतकेच. जुने रेकॉर्डिंग उघडले असते असे त्यावरून समजू नये.

शहापूरकर गुरुजी

निपाणीकरांनी ट्यूनरची गोष्ट जेवढ्या स्वच्छपणे सांगितली तेवढी विक्रेत्याने सांगितली असती तर हा धागा निघाला नसता. फ्री डिशची सूचना मी नोंदवून घेतली आहे. वकील महोदयांनी कायदा समजावला. त्यावरून माझा समज असा झाला, की मुभा मला आहे आणि किल्ली दुसऱ्याकडे आहे.

अक्कांना मात्र उत्तर द्यायला हवे. मागे नेऊन पुन्हा ऐकण्याची सोय मोलाची आहे यात वाद नाही, आणि माझे कान ठणठणीत आहेत हा त्यांचा तर्क माझ्या पत्नीला मान्य होणार नाही. परंतु पाहून पुसून टाकायचे असे त्या म्हणतात ते मालिकेला लागू पडते. मालिका उद्याही लागणार आहे. जुन्या गायकाची मैफल, एखाद्या संगीत नाटकाचे चित्रण, गावच्या यात्रेवरचा एखादा माहितीपट हे पुन्हा केव्हा लागेल याची शाश्वती नसते, आणि अशा गोष्टी जपून ठेवण्याची ओढ आमच्या वयालाच अधिक असते. रिचार्ज थांबले की माझे रेकॉर्डिंग उघडत नाही, म्हणजे प्रत्यक्षात मी ते विकत घेतलेले नसून दरमहा भाड्याने ठेवलेले आहे. ही गोष्ट पैसे घेण्यापूर्वी, गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत, कागदावर लिहून द्यावी, इतके तरी मागण्याचा हक्क आम्हाला आहे.

नंदगडची अक्का

लिहून द्यावे, मराठीत आणि कन्नडमध्ये द्यावे, यावर माझी सही समजावी. पण म्हणून ‘वयस्करांनी घेऊ नये’ हे वाक्य गुरुजींनी मागे घ्यावे. माझ्या शेजारच्या मावशी तेवढे वाचून मुलाला नको म्हणाल्या तर त्यांची दुपार बुडेल. मैफल जपणारे वयस्कर वेगळे आणि मालिका चुकणाऱ्या वयस्कर बायका वेगळ्या, आणि दुसऱ्यांची संख्या आमच्या गल्लीत तरी अधिक आहे.

शहापूरकर गुरुजी

मागे घेत नाही, पण दुरुस्ती करतो: ज्यांना कार्यक्रम जपून ठेवायचा आहे त्यांनी घेऊ नये. आमच्या घरापुरते बोलायचे तर पत्नी आणि सून या दोघींनी मिळून दोन ट्यूनरच्या बॉक्सचा आग्रह धरला आहे आणि तिथे माझे मत विचारलेले नाही. निपाणीकर, सध्याच्या डिशवर तो चालेल ना?

डिशवाला, निपाणी

डिशची छत्री तीच चालेल, पण वर एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला, तोंड एकच असेल तर तो बदलून दोन तोंडांचा घ्यावा लागेल आणि तिथून बॉक्सपर्यंत दुसरी केबल ओढावी लागेल. दोन्ही ट्यूनरना वेगळी केबल लागते. बॉक्सची किंमत ठरवताना एलएनबी, केबल आणि बसवण्याची मजुरी त्यात धरली आहे का, हे आधी विचारून घ्या, आणि बसवणारा माणूस जायच्या आत मराठी रेकॉर्डिंग चालू असताना कन्नड वाहिनी लावून बघा.